उतरत आली गाढी

बुधवारी चौथ्या तासाला भिंतीपलीकडून माझ्या नवऱ्याचा आवाज येतो. आधी तानपुऱ्याचा सूर येतो, तो मोबाइलमधल्या ॲपचा. मग घसा साफ केल्याचा आवाज, आणि मग, "हं, बसा सरळ. पाठ टेकायची नाही." पलीकडे सातवीची चाळीस-बेचाळीस मुलं बाकांवर सरळ होत असल्याची खडखड ऐकू येते. त्याला जाऊन वर्ष झालं आहे. मुलं अजून पाठ टेकत नाहीत.

आम्ही दोघं एकाच शाळेत. तो संगीत शिकवायचा, मी मराठी. घरी मी त्याला अरे-तुरे करायची आणि शाळेच्या फाटकातून आत आलं की 'सर' म्हणायची. इतकी वर्षं हा बदल जिभेला सहज जमला. आता त्याच्याबद्दल बोलताना नेमका कुठला शब्द वापरावा हे सुचत नाही, म्हणून मी फारसं बोलतच नाही.

शाळा जुन्या पनवेलमध्ये आहे. मुलं मात्र चहूकडून येतात. करंजाड्याच्या नव्या इमारतींतली असतात, कोनकडची असतात, आणि नेऱ्याच्या बाजूने डोंगराखालच्या गावांतून शेअर रिक्षाने येणारीही असतात. संगीताचा तास प्रत्येक वर्गाला आठवड्यातून एकदाच. एका तासात शिकवलेलं पुढच्या बुधवारपर्यंत मुलं विसरून जात आणि त्याला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागे. त्यावर त्याने काढलेला उपाय म्हणजे हा पॉडकास्ट. दहा-बारा मिनिटांचा एक भाग. त्यात तो एक ओळ गायचा, मग तेवढीच जागा रिकामी सोडायचा, त्या जागेत मुलांनी घरी म्हणायचं. वर्गात आठवड्यातून एकदा आणि घरी रोज, अशी त्याची कल्पना होती. घरचा सराव ऐकून वर्गात कान पिळायला तो स्वतः असणारच होता.

करंजाड्याच्या आमच्या फ्लॅटमध्ये शांतता म्हणून मिळत नाही. बाजूला एक इमारत कायम बांधायची चालू असते, आणि वरच्या मजल्यावर कुणीतरी कायम भिंतीला भोक पाडत असतं. त्याला कुणीतरी सांगितलं की कपड्यांमध्ये आवाज घुमत नाही. म्हणून तो माझं कपाट उघडून, साड्यांच्या घडीपुढे स्टूल टाकून, तोंड आत घालून गायचा. मागून पाहिलं की तो साड्यांशी भांडतोय असं वाटायचं. मी स्वयंपाकघराचं दार लावून घ्यायची, कुकर बंद करायची, पंखाही बंद करायची, आणि घाम पुसत वह्या तपासायची. एकदा मी विसरले. तिसऱ्या भागात त्याने ओळ म्हणून जागा सोडली आहे आणि त्या जागेत स्वच्छ ऐकू येतं, "अरे, चहा ठेवू का?" ते काढून टाकायला तो विसरला. पुढच्या बुधवारी अख्ख्या वर्गाने ती ओळ म्हणून लगेच त्याच सुरात, "अरे, चहा ठेवू का?" असं समूहाने विचारलं. तो हसतहसत घरी आला. म्हणाला, "तुझा मध्यम लागलाय. भूपात मध्यम वर्ज्य असतो, बाई."

तो गेल्यावर त्याची जागा भरली गेली नाही. भरली जाईल, प्रस्ताव गेला आहे, असं मोठ्या बाई सांगतात. तोवर तास रिकामा कसा ठेवायचा, म्हणून विज्ञानाच्या सरांनी आपला मोबाइल आणि एक छोटा स्पीकर आणून वर्गात त्याचे भाग लावायला सुरुवात केली. एकूण एकोणीस भाग आहेत. तीस करायचे होते. घरच्या सरावासाठी केलेली गोष्ट अशा रीतीने वर्गातली शिकवणी झाली. "सर आहेतच की अजून," शिक्षकांच्या खोलीत सगळे म्हणतात. मीही मान हलवते.

जूनमध्ये वेळापत्रक होत असताना मी मोठ्या बाईंकडे बुधवारचा चौथा तास मोकळा मागितला. कारण विचारलं तर वह्यांचं सांगितलं. सातवीच्या वर्गाला लागून ग्रंथालयाची अर्धी खोली आहे, तिथे मी बसते. बसते म्हणणं खरं नाही. तपासायला घेतलेल्या वहीचं एक पान मी चाळीस मिनिटं उघडं ठेवते. मध्येच उठून कपाटातली पुस्तकं उगाच पुढेमागे करते. खिडकीशी जाते, परत येते. मंगळवारपासूनच मला काही सुचत नाही, आणि बुधवारी शाळा सुटली की मी घरी न जाता वडाळे तलावाला फेऱ्या मारत राहते, पाय दुखेपर्यंत. ऐकलं तर त्रास होतो. एका बुधवारी सुट्टी होती तर त्याहून जास्त त्रास झाला. असे सहा महिने गेले.

डिसेंबरच्या सुरुवातीला मुलं चौदाव्या भागावर आली.

चौदावा भाग गाढी नदीच्या गाण्याचा आहे. गाण्याचे शब्द माझे. त्याला मुलांसाठी भूपातलं एक गाणं हवं होतं. चाल त्याने आधी बांधली होती आणि मला गुणगुणून दाखवली होती. वरच्या षड्जाजवळून सूर पायरी पायरीने खाली येतात. तो म्हणाला होता, "नेऱ्याहून येणारी मुलं रोज गाढीच्या पुलावरून येतात. त्यांना त्यांची नदी दे." मी लिहिलं,

डोंगरावरुन उतरत आली गाढी अमुच्या दारी

आठ, आठ, आठ आणि चार मात्रा. 'उतरत' या शब्दाशी त्याचे सूरही उतरतात, यावर तो खूश झाला होता. ही ओळ एका श्वासात म्हणायची, नदी मध्ये थांबत नाही, हेही त्यानेच ठरवलं होतं.

चौदावा भाग करायच्या आदल्या दिवशी तो स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला. म्हणाला, "एक शब्द कमी कर ना. तो 'उतरत' काढ. नुसतं 'डोंगरावरुन आली गाढी' पुरे."

मी म्हटलं, "का?"

"ओळ लांब होतेय. मुलांना पुरायची नाही."

"मुलांना पुरते. परवा म्हणत होती की. आणि चार मात्रा कमी पडतील त्यांचं काय करू?"

"चार मात्रांनी काय होतंय?"

"तुला एक सूर कमी केलेला चालेल का?"

तो हसला आणि आत गेला. मी जिंकले याचा मला आनंद झाला होता. तो गेल्या वर्षीचा ऑगस्ट होता.

त्या डिसेंबरच्या बुधवारी मी ग्रंथालयात बसले होते. भिंतीपलीकडून त्याने ओळ म्हटली. मग मुलांनी म्हटली. मुलांची ओळ ऐकताना मी वहीवरून मान वर केली. 'डोंगरावरुन उत' इथे सगळ्या मुलांनी एकदम श्वास घेतला. चाळीस नाकांनी ओढलेला तो श्वास भिंतीतून ऐकू आला. मग 'रत आली' असं पुढे.

वृत्तं शिकवताना मी मुलांना यती शिकवते. ओळीत थांबायची जागा. शब्द मधेच तोडून थांबलं तर तो दोष, यतिभंग. माझे कान त्याला सरावलेले आहेत. आधी वाटलं, मुलांचं चुकलं. मग त्याने पुन्हा ओळ म्हटली, आणि या वेळी मी त्याच्याकडे लक्ष दिलं. 'उत', मग श्वास, मग 'रत'. मुलं चुकत नव्हती. मुलं सरांनी म्हटलं तसंच तंतोतंत म्हणत होती.

घरी आल्यावर पर्सही खांद्यावरून न काढता मी एकोणीसही भाग क्रमाने ऐकायला घेतले. शाळेची एक कोरी वही घेतली आणि प्रत्येक भागातल्या ओळी लिहून तो श्वास घेतो तिथे पेन्सिलीने उभी रेघ मारत गेले. पहिल्या आठ भागांत रेघा ओळींच्या शेवटी आहेत. नवव्या भागापासून त्या आत यायला लागतात. अकराव्यात एक स्वर धरायचा आहे, पण तो अर्धाच धरतो आणि 'तुम्ही पूर्ण धरा' म्हणतो. चौदाव्यात रेघ शब्दाच्या पोटात आहे. सतराव्यात तो जास्त बोलतो आणि कमी गातो. एकोणिसावा भाग नुसत्या टाळ्यांचा आहे.

नववा भाग जुलैच्या पहिल्या आठवड्यातला. सप्टेंबरच्या शेवटी डॉक्टरांनी मला विचारलं होतं, "दम लागतोय ते कधीपासून?" तो तपासणीच्या टेबलावर होता, म्हणून प्रश्न मला आला. मी म्हटलं होतं, "पंधरा दिवस झाले असतील." डॉक्टरांनी तसं लिहून घेतलं. आधी कळलं असतं तर काही वेगळं झालं असतं का, हे मी नंतर विचारलं तेव्हा त्यांनी, सांगता येत नाही, असं उत्तर दिलं. ते उत्तर मी वर्षभर उलटसुलट करून पाहते आहे. आणि वहीत मात्र पेन्सिलीच्या रेघा होत्या, जुलैपासूनच्या. मी दाराच्या दुसऱ्या बाजूला बसून कुकर वाजू नये याची काळजी घेत होते.

दोन दिवसांनी मोठ्या बाईंनी बोलावलं. स्नेहसंमेलन जवळ आलं होतं.

"बसा ना," त्या म्हणाल्या. "उभ्या का तुम्ही? या वर्षी सरांचं गाढीचं गाणं घेऊ या. सातवीचा पूर्ण वर्ग. पण नुसती मुलं नाही. मोठ्या स्पीकरवर सरांचं रेकॉर्डिंग लावायचं आणि मुलांनी त्यांच्याबरोबर गायचं. मागे पडद्यावर सरांचा फोटो. काय म्हणता? पालकांच्या डोळ्यांत पाणी येईल."

मला पहिल्यांदा वाटलं ते हे, की सगळ्या पनवेलसमोर तो श्वास तुटेल. मुलं त्याच्याबरोबर तोडतील, आणि लोकांना ते सुंदर वाटेल. पुढच्या वर्षी सहावीतली मुलं सातवीत येतील आणि तीही तसंच शिकतील. गाणं तेच होऊन बसेल. आणि लगेच दुसरं वाटलं, की नाही म्हटलं तर मोठ्या स्पीकरवर त्याचा आवाज एकदाही वाजणार नाही.

"दोन दिवस द्या," मी म्हटलं.

"तुमची परवानगी हवी म्हणून विचारलं हो. बाकी सगळ्यांना आवडलंय."

शिक्षकांच्या खोलीत मी विज्ञानाच्या सरांना श्वासाचं सांगितलं. त्यांना आधी कळलंच नाही. त्यांनी कानाशी मोबाइल धरून ऐकलं आणि म्हणाले, "अरे हो की. मला वाटलं तशीच चाल आहे."

"तशी नाही."

"पण बाई, मुलांना तसंच पाठ झालंय. आता दहा दिवसांत बदलायला जाल तर निम्मी तशी म्हणतील, निम्मी अशी. भाजी मंडई होईल नुसती." मग ते म्हणाले, "रेकॉर्डिंग सांगू शकत नाही ना, की चुकलं म्हणून. मी तिथे बसतो, पण मला काय कळतंय? मी आपला आवाज कमी-जास्त करतो."

पुढच्या बुधवारी मी ग्रंथालयात न जाता सरळ सातवीच्या वर्गात गेले. मी आत आल्यावर कुजबुज झाली. मागच्या बाकावरून एकाने विचारलं, "बाई, संगीताचा तास हाय ना? मराठी नाय ना?"

"नाही. घाबरू नका."

"मग वृत्त पण नाय?"

"गप रे," पुढची एक म्हणाली. "बाईंचं गानं हाय ते. शब्द बाईंचे हायेत."

मी त्यांना ती ओळ सरांशिवाय म्हणायला लावली. त्यांनी म्हटली. 'उत' म्हणून सगळे थांबले. काहींनी खांदेही वर उचलले. ही मुलं पाचवीत आणि सहावीच्या सुरुवातीला त्याच्यासमोर बसलेली होती, पण वर्गात तो खांदे उचलत नव्हता. केवळ ऐकून त्यांनी ते शोधून काढलं होतं.

मी विचारलं, "इथे मधे का थांबता?"

"सर थांबतात."

"सर का थांबतात?"

एकदम पाच-सहा हात वर आले. एक म्हणाला, "बाई, नदीला दगड लागतो. म्हणून पाणी थांबतं आणि मग उडी मारतं."

"नाय बाई, तिथे धबधबा आहे."

"बाई, ते स्टाइल आहे."

"स्टाइल काय रे? सर काय रॅपर व्हते?"

हसणं झालं. मीही हसले असेन. दगडाचं उत्तर मला इतकं आवडलं की मी तिथेच थांबायला तयार होते. नदीला दगड लागतो. चांगलं आहे. कुणी विचारलं तर हेच सांगता येईल, कवीने असंच ठरवलं होतं म्हणून. कवी मीच होते. डॉक्टरांच्या खोलीत मी असंच पटकन उत्तर दिलं होतं, हे मला तेव्हा आठवलं नाही, थोड्या वेळाने आठवलं.

खिडकीजवळच्या बाकावर नेऱ्याकडची एक मुलगी बसते. कमी बोलते, निबंधात फार चुका करते आणि वाक्यं मात्र अशी लिहिते की मी लाल पेन खाली ठेवते. तिने हात वर केला नव्हता. ती बसूनच म्हणाली, "बाई, सरांना दम लागत व्हता."

पुढच्या बाकांवरची मुलं वळून तिच्याकडे पाहू लागली.

"तुला कसं कळलं?"

"माझी आजी धवले गाते. हळदीला, मांडवाला. आता म्हातारी झाली, तिचा दम तसाच तुटतो. शब्दात."

धवले गाणारी धवलारीण म्हणजे कोण हे वर्गातल्या निम्म्या मुलांना माहीत होतं. त्यांच्या गावात लग्न तिच्याशिवाय पुढे सरकत नाही. करंजाड्याच्या मुलांसाठी मी विचारलं, "मग लग्नात दम तुटला तर काय करतात?"

"तुटू देत नाय. बाजूला दुसरी बसलेली असते ना. आजीचा दम संपायच्या आधीच ती उचलते. तोच शब्द धरून. मग आजी गुपचूप श्वास घेते आनि परत येते. बाहेर कलतच नाय. हळदीत गानं तुटलं तर बरं नसतं."

"मग तुला इतके दिवस माहीत होतं, तर इथे तू का थांबत होतीस?"

तिने बाजूच्या मुलीकडे पाहिलं. "सगले थांबतात. एकटीनं पुढं कसं जायचं?"

मी खडू हातात घेतला होता. तो उगाच फळ्याच्या कडेवर ठेवला, परत उचलला. मग म्हटलं, "दोन गट करू. खिडकीकडचे आणि दाराकडचे. खिडकीकडच्यांनी सुरू करायचं. 'उत' यायच्या आधीच दाराकडच्यांनी 'उतरत' उचलायचं. सरांचं लावा, त्यांच्याबरोबर म्हणू."

विज्ञानाच्या सरांनी भाग लावला. पहिल्या खेपेला सगळे एकमेकांवर आदळले. दुसऱ्या खेपेलाही. तिसऱ्या खेपेला दाराकडच्यांनी वेळेवर उचललं, ओळ न तुटता पुढे गेली. आणि त्याच्या आवाजाची गल्लत झाली. तो श्वासासाठी थांबला होता, त्यात एक मात्रा गेली होती. मुलं 'आली'वर पोचली तेव्हा तो 'रत' म्हणत होता. मुलं 'दारी'शी पोचली आणि तो मागून, एकटा, 'अमुच्या' म्हणत येत होता. मुलं गोंधळून थांबली. त्याने आपला आपण 'दारी' पुरा केला आणि मग सोडलेली रिकामी जागा सुरू झाली. त्या जागेत कुणीच काही म्हटलं नाही.

"सर मागे राहतात, बाई," कुणीतरी म्हणालं.

विज्ञानाचे सर माझ्याजवळ आले. हळू आवाजात म्हणाले, "सोपं आहे. तेवढा तुकडा कापून टाकू. एका मिनिटाचं काम आहे. मग मुलं आणि सर एकदम पोचतील." मी काही म्हणायच्या आत त्यांनी खिडकीशी जाऊन बोटाने काहीतरी ओढलं, कापलं आणि मोबाइल माझ्या हातात दिला. मी व्हरांड्यात गेले आणि कानाला लावला.

'डोंगरावरुन उतरत आली गाढी अमुच्या दारी.' एका दमात. गेल्या वर्षी जूनमध्ये चाल गुणगुणून दाखवली होती तशी. कुठे जोडल्याची खूणही नव्हती. मी ते चार वेळा ऐकलं. पाचव्यांदा लावायला गेले तेव्हा माझ्या लक्षात आलं की आता हे ऐकणाऱ्या कुणालाही, पंधरा दिवस झाले असतील, असं सांगता येईल आणि ते खरं वाटेल.

मी आत येऊन मोबाइल परत केला. "हे नको," मी म्हटलं. "आधीचंच राहू द्या. त्याला हात लावू नका."

"पण मग संमेलनात?"

"संमेलनात लावायचं नाही."

"मोठ्या बाईंना काय सांगायचं?"

"मी सांगते."

त्यांना ते पटलं नसावं. सज्जन माणूस आहे, त्यांनी माझ्यासाठीच कापलं होतं. त्यांनी नुसतं विचारलं, "मग मुलांनी सूर कुणाकडून घ्यायचा?"

मला गाता येत नाही. सगळ्या शाळेला हे माहीत आहे. मी त्यांना सांगितलं, आधी त्याचीच ओळ लावा, आणि मोबाइल माझ्याजवळ द्या. पडद्यावर आवाज थांबवायच्या दोन उभ्या रेघा असतात, त्यांच्यावर मी बोट ठेवून उभी राहिले. या वर्षभरात मी त्याचा आवाज एकदाही मधेच थांबवला नव्हता. घरीसुद्धा नाही. दाराची घंटा वाजली तरी भाग संपेपर्यंत मी दार उघडत नसे.

मुलांना म्हटलं, "सर सुरू करून देतील. मी थांबवीन. तुम्ही थांबायचं नाही."

तानपुरा लागला. त्याने घसा साफ केला. 'डोंगरावरुन' त्याच्याबरोबर खिडकीकडच्यांनी म्हटलं. 'उत' आलं, मला तो श्वास घ्यायच्या बेतात असलेला ऐकू आला, आणि मी बोट टेकवलं.

खोलीत एकदम त्याचा आवाज नव्हता. तानपुराही नव्हता, तोही त्याच्याचबरोबर गेला होता. काही मुलांनी सवयीने माझ्याकडे पाहिलं आणि तीही थांबली. पण दाराकडच्या गटातून पाच-सहा आवाजांनी 'उतरत' उचललं होतं, कच्चं, घाईत. खिडकीजवळून ती नेऱ्याची मुलगी आपला गट सोडून त्यांच्यात मिसळली. हळूहळू बाकीचे येत गेले. 'गाढी अमुच्या'ला वर्गाचा सूर एका पट्टीने वर चढला होता, आणि 'दारी' तर जवळजवळ ओरडल्यासारखं झालं. पण मधे कुठे तुटलं नाही.

"बाई, जमलं?" मागच्या बाकावरून विचारलं गेलं.

"नाही," मी म्हटलं. "वर चढलात. परत म्हणा."

"सरांचं लावू?"

"नको. आता तुमचं तुम्ही सुरू करा."

त्यांनी खाकरून घेतलं, उगाच, सरांसारखं. मी मोबाइल टेबलावर उलटा ठेवला. तास संपायला दहा मिनिटं होती. मोठ्या बाईंना काय सांगायचं याचं पहिलं वाक्य मी मनात जुळवायला घेतलं आणि ते जुळेना, कारण मुलं मोठ्याने म्हणत होती आणि मला त्यांच्या चुका ऐकाव्या लागत होत्या.